सात दिवसांचं कोरड्यास

माय, तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळं तुझी नात तुला माहीत असायचं कारण नाही. सात वर्षांची आहे, तुझ्यासारखीच सावळी आणि हट्टी, आणि ती जेवत नाही. आजारी नाही; छावणी भागातल्या डॉक्टरांना दाखवून झालं, जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, दृष्टसुद्धा काढून झाली. दिवसभर खेळते, हसते आणि ताट समोर आलं की तोंडाला कुलूप. अशात तिच्या शाळेतून चिठ्ठी आली. कुठल्याशा कॉलेजातले लोक मुलांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास करतायत, पालकांनी भाग घ्यावा, सक्ती नाही. बायको म्हणाली, नसत्या भानगडीत कशाला पडता. मी सही करून मोकळा झालो. मला वाटलं, एवढ्या लेकरांबद्दल विचारतायत म्हणजे त्यांना उत्तरही माहीत असणार.

त्यांनी एक वही दिली. सात दिवस रोज लिहायचं: मुलानं काय खाल्लं, किती खाल्लं, नको म्हटलं तर पालकांनी काय केलं. घरात जो शब्द वापरता तोच लिहा, अशी वर सूचना. बायको दवाखान्यात दुपारपाळीला असते आणि मी वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी करून चारला पडेगावात उतरतो, म्हणून संध्याकाळचं जेवण माझ्याकडं. मी भाकरी थापतो, माय. कडा फाटतात, तू बघितलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. पोरगी त्या भाकरीच्या बारीक गोळ्या करते आणि ताटाच्या कडेनं मांडत बसते. मी समोर बसून लिहितो: भाकरी, कोरड्यास, दोन घास. दुसऱ्या दिवशी तेच, दीड घास. लिहिता लिहिता मला आपलं पत्र्याखालचं स्वयंपाकघर दिसतं. तू छावणीच्या बाजारात भाजी विकून आली आहेस आणि न खपलेली जुडी आमच्यासाठी निवडते आहेस. तू कधी आम्हाला जेवा म्हटलं नाहीस. ताटं वाढून शेळीकडं निघून जायचीस. एकदा मी अंबाडी नको म्हणून ताट सरकवलं, तर तू ते उचलून फळीवर झाकून ठेवलंस आणि म्हणालीस, भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा. संध्याकाळी मी तेच ताट पुसून खाल्लं. हा उपायही मी करून पाहिला. पोरीनं दुसऱ्या दिवशीसुद्धा त्या ताटाकडं बघितलं नाही, शेवटी मीच घाबरून बिस्किटांचा पुडा फोडला.

बाकी तुझं काही कडक नव्हतं, एक सोडून. जेवणाऱ्याला ताटावर बोलायचं नाही. शाळेतून माझी तक्रार आली होती त्या दिवशी वडील, आपले दादा, तणतणत घरात शिरले, मी नुकताच पहिला घास घेतलेला. त्यांनी हात उचलला तशी तू चुलीपासून उठलीस. आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "लेकरू ताटावर हाय. काय असंल ते त्याचं खाऊन झाल्यावर." दादा बाहेर जाऊन बाजेवर बसले. मी मुद्दाम सावकाश जेवलो, तिसरी भाकरी मागितली, आणि मी हात धुवेपर्यंत त्यांचा राग निवून गेला होता. दादांना तू अडवलंस. मला अडवायला पाचव्या दिवशी घरात कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी लाइनवर दोन माणसं कमी होती, माझा पिट्टा पडला होता. तिनं गोळ्यांची एक रांग पुरी केली आणि दुसरी सुरू केली. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी तिचा जबडा धरला आणि घास आत कोंबला. ती रडली नाही. तिनं घास गिळला नाही, थुंकलाही नाही, गाल फुगवून माझ्याकडं बघत राहिली. शेवटी मी तळहात तिच्या हनुवटीखाली धरला आणि तिनं तो घास हळूच माझ्या हातावर ठेवला. मग मी हात धुतला आणि वहीत लिहिलं: पालकांनी समजावून सांगितले.

रविवारी त्या अभ्यासातली ताई घरी आली. कोकणाकडची, वयानं लहान, बोलायला गोड. बायको तेव्हा दवाखान्यात होती. ताईनं वहीवरून आपल्या कागदावर उतरवून घेतलं आणि जरा अवघडून विचारलं, "दादा, सातही दिवस कोरडीच भाकरी? डाळ, भाजी काहीच देत नाही का तिला?" मी बघितलं तर तिनं प्रत्येक ओळीत 'कोरडी भाकरी' लिहिलेलं. लेकराला कोरडं घालणारा बाप म्हणून माझं नाव लागलं असतं. मी घाईघाईनं सांगितलं की कोरड्यास म्हणजे कोरडं नव्हे, आमच्याकडं भाकरीसोबत जे काही असतं, रसाचं असो की सुकं, ते सगळं कोरड्यास. वाटलं तर फ्रिजमधली वाटी दाखवतो म्हटलं. ती हसली, माफी मागितली आणि सातही ओळी दुरुस्त करून घेतल्या. एकेक ओळ मी बोट ठेवून तपासली. पाचव्या ओळीवरही बोट ठेवलं.

मग तिनं पोरीला जवळ घेऊन विचारलं, "घरी कुणी जबरदस्ती करतं का गं, जेवताना?" पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं बघत होतो. "नाय," ती म्हणाली, "पप्पा समजावून सांगतात." वहीत काय लिहिलंय ते तिला कसं कळलं, की तिचं तिलाच तसं सुचलं, मी विचारलं नाही. ताईनं कागदावर खूण केली आणि मुलगी हुशार आहे म्हणाली.

तेव्हापासून ती जेवते, माय. अर्धी भाकरी, कधी पाऊण. गोळ्या करत नाही. प्रत्येक घास गिळून झाला की तोंड उघडून दाखवते, मी बघ म्हटलेलं नसताना. बायको खुशीत आहे, त्या लोकांचा पायगुण चांगला म्हणते, शेजारणीलाही सांगून आली. ताईचा नंबर माझ्याकडं आहे. ती पाचवी ओळ खोटी आहे एवढं सांगायला दोन मिनिटं लागतील, पण मी फोन केलेला नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण तू आता मला काही म्हणू शकत नाहीस.