करंदीच्या डोळ्याएवढे बुडबुडे

१२ जाने., सोम.
मॅडमनी आज काचेच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, कामावरून काढतायत. चायचे पाउच भरताना मी कोनाशी बोलत नाय मनून कोनीतरी सांगितलं असेल. गेली तर बोलल्या, बस. समोर तीन कप. एकात काय रंगच नाय, नुसतं गरम पानी वाटलं. बोलल्या, पी आनि सांग.
पिली. सांगता नाय आलं. घसा बंद, शाळेत उभं केल्यावर व्हायचा तसा. नववीत त्याच्यापायीच तर शाळा सुटली... जाऊ दे.
त्या चिडल्या नाय. "घाई नाही. हा चहा लगेच बोलत नाही." परत पिली. मग कळलं, चव गिळल्यावर येते. मागून. हळूच. कसली ते माहीत हाय पन नाव नाय सापडत.
पांढरी चाय. यापुढे पां.चा. लिहिनार.

१३ जाने.
पां.चा. कशी करतात ते मॅडमना विचारलं. (मी विचारलं!) कोवळी पानं आनि कळ्या तोडायच्या, पसरायच्या, हळूहळू सुकू द्यायच्या. मळायची नाय, भाजायची नाय. बस.
मला हसू आलं. समुद्रावरच्या आमच्या नवापूरला दारोदार हेच चाललंय. आई बोंबलाच्या तोंडात तोंड अडकवून बांबूवर टाकते, कोलंबीहून बारकी करंदी जाळीवर पसरते, आनि दिवसभर आभाळाकडे बघत बसते.
"का हसलीस?" मी मान हलवली, काय नाय.

१६ जाने., शुक्र.
मॅडम बोलल्या, पॅकिंग सोड, माझ्या हाताखाली ये. चव बघायची, पानं निवडायची, कप लावायचे. खोलीत आवाज नाय. कोन बोलायला लावत नाय. उलट गप बसनारंच मानूस लागतं तिथे.
पन नियम हायेत. केसांना तेल नाय, गजरा नाय, आनि डब्यात मच्छी नाय. पां.चा. आजूबाजूचा वास ओढून घेते.
घरी फक्त एवढंच सांगितलं की काम बदललं. डब्याचं पन सांगितलं. आई बोंबलाच्या जोड्या लावत होती, थांबली.
"आमच्या मच्छीचा वास येतो तुमच्या चायला?"
"सगळ्याचाच येतो गं, तेलाचा पन..."
"मग आंघोळ घाल तिला."
बाबा हसले. आई नाय हसली. मग तिने तिचं सांगितलं. खांदा आता वर होत नाय. होळी झाली की मी कारखाना सोडायचा आनि चिंचणीच्या बाजारात तिच्या जागेवर बसायचं. "जागा सोडली तर दुसरी बाई पाट टाकेल. ओरडायला शिकशील दोन दिवसांत."
मी आनि ओरडनार. गिऱ्हाईकाने भाव विचारला तरी मी खाली बघनार.

१७ जाने.
डब्यात बोंबलाचं कालवन. आईने मुद्दाम भरलं. गेटच्या बाहेर झाडाखाली जाऊन खाल्लं, मग साबनाने हात धुतले, परत धुतले. पिंकी बोलली, "अरे, हाथ घिस जाएगा तेरा." पिंकी यूपीची, पाउचवर शिक्के मारते. तिचा डबा लोनच्याचा. तिला पन बाहेर बसवतात. दोघी बसलो.

१८ जाने., रवि.
मॅडमनी थोडी पां.चा. दिलेली, घरी करून बघ मनून. मला वाटलं आईने एकदा पिली की तिला कळेल मला काय सोडवत नाय ते.
सगळं चुकलं. नेहमीच्या पातेल्यात केली, त्याला आल्याचा वास. पानी बोरिंगचं, खारट. सवयीने खळखळ उकळवली. आईने एक घोट घेतला.
"हे काय? पेला विसळलेलं पानी?"
बाबांनी साखर टाकली. मग दूध. मग गुळनी करून बाहेर.

२१ जाने.
उरलेली पां.चा. हवा लागू नये मनून घरातल्या सगळ्यात घट्ट झाकनाच्या डब्यात ठेवलेली. घट्ट झाकनाचा डबा आमच्याकडे एकच. सुक्या करंदीचा. पुडी कागदाची. वर ठेवली, झाकन दाबलं, खूश झाली.
आज काढली. वास घेतला तर करंदी. मॅडमनी एवढं सांगितलं, वास ओढते, वास ओढते. आनि मी... करंदीचा वास आमच्या घरात वासच नाय ना. हवाच ती.
टाकवेना. केली तशीच. आईने पिली.
"आता कशी चायला चव लागली!"
अख्खा पेला संपवला. मी हसू का रडू. दोन्ही केलं.

२३ जाने., शुक्र.
आज खोलीत नवीन मुलगी आली शिकायला, पालघरची. मॅडम तिला पान्याचं सांगत होत्या. उकळू द्यायचं नाही, त्याच्या आधी उतरवायचं. ती विचारते, आधी मंजे कधी? मॅडम थर्मामीटर शोधायला लागल्या. माझ्या तोंडून निघालं,
"करंदीच्या डोळ्याएवढे बुडबुडे आले की."
दारातून पिंकी, "अरे ये बोलती भी है!"
मॅडम: "करंदी म्हणजे?"
मग मी सांगितलं. करंदी केवढी असते, डोळा कसा काळा टिपका, आनि ते बुडबुडे तळाला कसे चिकटून बसतात, वर यायला घाबरतात. एवढं लांब मी कधी बोलली नव्हती. घसा दुखला नंतर, पन बंद नाय झाला.
पां.चा. करंदीच्या डब्यात ठेवलेली ते नाय सांगितलं. पुढे कधीतरी.

१ फेब्रु., रवि.
मॅडमकडून परत थोडी पां.चा. आनली, काचेच्या बरनीत. कारखान्यातल्या जारचं पानी बाटलीत भरून. पातेलं शेजारून नवीन मागून आनलं.
आई जाळीजवळ बसलेली, एका हाताने करंदी पसरत होती. दुसरा हात मांडीवर. मी बरनी तिच्यापुढे ठेवली. तिने पान उचललं, बोटात मोडलं, कानाजवळ नेलं. बोंबील सुकला का बघताना करते तसंच.
"सावलीला सुकवलंय. कोनीतरी राखन केलीय याची."
मग पिली. लांबून पावाच्या रिक्षाचा भोंगा येत होता. परत घोट घेतला. मी पन पीत होती, आनि तेव्हा मला नाव सापडलं चवीचं. सकाळी बांबूखालून जाताना, रात्रीचं दव सुकलं की बांबूला जो वास येतो, मच्छी टांगायच्या आधी. तो.
"परत पानी टाक," आई बोलली, "अजून हाय त्यात."
दुसऱ्या पेल्याला मी बोलली. आई, मला बाजारात ओरडता नाय येनार. मला तिथेच राहायचंय.
तिने पेला खाली ठेवला.
"आनि टोपली कोन उचलेल? हा खांदा?"
मी उठून राहिलेली करंदी पसरायला लागली.

७ फेब्रु., शनि.
सुट्टी टाकून आईबरोबर चिंचणीला गेली. टोपली मी उचलली. एवढं तरी.
आईने मुद्दाम मला पुढे बसवलं. एक बाई आली, भाव विचारला, मी सांगितला, तिला ऐकू नाय आला, निघून गेली. दुसरी पन. शेजारची हिरामावशी, आईची लहानपनापासूनची मैत्रीन, बोलली, "अगं, तुझी पोर काय मच्छीच्या कानात सांगते का?" सगळा बाजार हसला. आई पन. मी पन, थोडी.
दुपारी आईने पिशवीतून थर्मास काढला. मला माहीतच नव्हतं. पां.चा. तिने केलेली, सकाळी, मी आंघोळीला गेली तेव्हा. मावशीला दिली.
मावशी: "शी! याला काय चव?"
"गिळ आधी. लगेच नाय कळत. आमच्या या बायच्या कारखान्यातली हाय."
मी खाली बघितलं. डोळ्यात काय गेलं होतं.
मग आई मावशीला हळूच विचारत होती, तुझी सून बसेल का गं माझ्या जागेवर, अर्धा-अर्धा करून? मावशी बोलली, बघू, विचारते, तिचं पोर लहान हाय. नाय बोलली नाय. हो पन नाय.

८ फेब्रु.
आईचा खांदा सुजलाय. शेक दिला. तेल चोळलं, मग हात चारदा धुतले, उद्यासाठी. आईने बघितलं धुताना.

९ फेब्रु., सोम.
मावशीकडून काय निरोप नाय. आईने विषय काढला नाय, मी पन नाय. होळी आता लांब नाय.
दुपारी सवयीने डबा घेऊन गेटबाहेर झाडाखाली गेली. उघडला. बटाट्याची भाजी, आईने भरलेली. काल बाबा ताजे बोंबील घेऊन आले होते, सगळ्यांनी रात्री खाल्ले, सकाळी पन उरलेले होते. मी बघितले होते.
पिंकी बोलली, "आज मछली नहीं? फिर बाहर काहे बैठी है?"
तरी बसली. तिच्या डब्यात लोनचं होतं ना.