खरपुडीचा माळ आणि चुन्याचे दगड

मी, चतुराबाई किसन ओव्हाळ, राहणार पिंपरी, कारखान्यातून निवृत्त, हे राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने कारखान्याच्या परवाच्या गेटसभेतले माझे भाषण आठवावे. उद्या, सोमवारी, माझे छातीचे ऑपरेशन आहे.

१. पिंपरीच्या दोन खोल्या भाची नीला हिला. पुस्तके विहाराच्या वाचनालयाला. पाने दुमडणाऱ्याला दुसरे पुस्तक देऊ नये.

२. चाकणजवळचा वडिलांच्या वतनाचा माळही नीलालाच. नांगर चालत नाही म्हणूनच तो आमच्या वाट्याला आला. तिथे पावसाळ्यात खरपुडी उगवते. वीतभर रोप, हिरवट कंदिलासारखे फूल. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना हा प्रकार दुसरीकडे कुठेही सापडला नाही.

भाचा साहेबराव याला माळ नाही. माळावर जीपांची चाचणी घेऊ पाहणाऱ्या कंपनीला त्याने परस्पर सांगितले, "चालवा खुशाल, दगडच आहेत." मी जाब विचारला, तर म्हणतो, "आत्या, गवतासाठी घरात वैर?" वैर कोणी काढले, ते त्यानेच ठरवावे. त्याला माझा सभेचा कर्णा देते. माझ्या माघारी त्याला मोठ्याने बोलायचेच आहे.

३. कंपनीच्या साहेबांना एक चुना फासलेला दगड. मी भांडल्यावर त्यांनी रोपे वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंनी असे दगड मांडले, पण चालकांना कळवले नाही. चाचणीची वाट त्यांच्याकडे पांढऱ्या दगडांनीच आखतात. दुसऱ्या दिवशी जीप नेमकी मधून गेली. ओल्या मातीत चाके रुतली, कंद चिरले. चालक रंगराव स्वतः माझ्या दारात आला. "बाई, पांढरा दगड म्हंजी रस्ता. मला वाटलं, नवी वाट आखलीया." दगड साहेबांनी टेबलावर ठेवावा.

४. उरलेली रोपे मोठ्या खडकाखाली आहेत. त्यांना दगड, काठी, दोरा, कसलीही खूण करू नये. खूण फोटोतच आहे: मागे खडकाची भेग, पुढे फूल. माझा बॉक्स कॅमेरा आणि वाचायचा चष्मा नीलाला. चष्म्याची काच भिंगापुढे धरली की फूल जवळून स्पष्ट येते. दर भाद्रपदात त्याच जागी उभे राहून फोटो घ्यावा. चप्पल खाली काढावी.

५. मंगळवारी जीपा पुन्हा माळावर येणार आहेत. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. म्हणून हे कलम नीलाला आत्ताच वाचून दाखवले: मी असो वा नसो, तिने त्या सकाळी खडकासमोर उभे राहावे. ती एवढेच म्हणाली, "आणि जीपा नाही थांबल्या तर?" तरी कलम मी खोडलेले नाही.

६. मला खांद्यावरून न्यावे. कंपनीने जीप देऊ केली तर हात जोडून परत पाठवावी.

७. कॅमेरा आधी रंगरावला द्यायचा होता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये. रंगराव म्हणाला, "मग कॅमेरा ऱ्हाऊ द्या. सही करतो."
"नोकरी जाईल, रंगराव."
"गाडी मीच नेली व्हती. नाव बी माझंच लागू द्या."

हे मी वाचून, समजून सही करते.

चतुराबाई किसन ओव्हाळ
पिंपरी, रविवार, १६ सप्टेंबर १९७९

आमच्यासमक्ष सही केली :

१. विमलबाई ज्योतीराम ढावरे, शेजारीण

२. रंगराव सोनबा येळवंडे, चालक. मंगळवारी पहिली जीप माझी हाय. ती माळाखालीच उभी ऱ्हाईल.