यमुनाबाईंचा फोनो

प्रिय नाना,

तुम्ही गेल्याला सात वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही स्वतः मला पत्र लिहायला बसवलं होतंत, तेव्हाही मी पेन खाली ठेवलं होतं. पण गुरुवारी दुपारी माझ्या घोडेगावच्या घरासमोर पुण्याची एक गाडी थांबली आणि तेव्हापासून मला घास उतरत नाही. हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

आपल्याकडचा फोनो घेतलेल्या भिडेकाकांचा मुलगा आला होता. काका गेल्या वर्षी वारले म्हणाला. आधी जुन्नरला तुमचं दुकान शोधलं, तिथल्या शेजाऱ्यांनी त्याला माझा पत्ता दिला. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला, कर्ण्याचा तो फोनो होता. चादर काढायच्या आतच मी तो ओळखला. आणि पेटीच्या आत चिकटवलेली चिठ्ठीही तशीच होती. माझ्या अक्षरातली!

"तळेघरच्या त्या यमुनाबाई अजून आहेत का हो?" त्यानं विचारलं. "बाबा फार बोलायचे त्यांच्याबद्दल."

"वारल्या," मी म्हणाले.

नाना, जी बाई कधी जन्मलीच नाही, तिला मी दारात उभी राहून मारून टाकलं! आणि त्या बिचाऱ्यानं मान खाली घालून हात जोडले. मी दाराची चौकट धरली. त्याला वाटलं, मला त्या बाईंच्या आठवणीनं भरून आलं. "बसा ताई, बसा," म्हणत त्यानंच मला खुर्ची दिली.

कुठून सुरुवात झाली हो आपल्या ह्या सगळ्याला? मला आठवतात ते तुमचे रिकामे हात. लग्नसराईत तुमचा फोनो आणि स्पीकर ठरवल्याशिवाय आजूबाजूच्या गावांत मांडव उभा राहत नसे. मग घरोघरी टेपरेकॉर्डर आले, कॅसेटी आल्या, आणि तुमच्याकडे दुरुस्तीला राहिले मिक्सर आणि इस्त्र्या. दिवसभर डबीतले स्क्रू ओतायचे, निवडायचे, परत भरायचे. आई असती तर रागावली असती. मी नुसती बघत बसायचे.

त्यात ते व्यापारी देसाई आले, मुंबईहून टेम्पो घेऊन. नव्या पेट्या, नवे पितळी कर्णे, जुन्यासारखे दिसणारे. दिवाणखान्यात ठेवायच्या शोभेच्या वस्तू. त्यातला एक तुम्ही चावी देऊन लावलात आणि कपाळाला हात लावलात. "ह्याच्या नरड्यात काय अडकलंय का काय?" बेल्ह्याच्या बाजारात भंगारवाल्याकडून जुनी मोटर आणलीत, सुईमागचा साउंडबॉक्स उघडून नवी चकती बसवलीत, आठवडाभर खपलात. मग सुई ठेवली आणि गाणं असं स्वच्छ निघालं की समोरचा टेलर कात्री हातात धरून बाहेर आला. "आता गातंय बग, शैले!" तुमचा तो चेहरा! तेवढ्यावर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

पण देसाईंनी म्हटलं, जरा जुना दिसला पाहिजे. तुम्ही कर्णे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून ठेवू लागलात. लाकडाला चहाचं पाणी. कंपनीच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला घासून अर्धवट पुसायचा. मग देसाई म्हणाले, "जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना नुसती वस्तू नको असते, तिची हकिगत हवी असते." आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बारावीत निबंधाला पहिली आलेली मुलगी!

खरं सांगू, नाना? मला फार मजा यायची. पेटीत चिकटवायच्या चिठ्ठीत मी एका फोनोला मालक म्हणून बेल्ह्याचे पाटील दिले, एकाला आहुप्याचा फॉरेस्ट गार्ड. मी वाचून दाखवायचे आणि तुम्ही पान लावता लावता दुरुस्त्या सुचवायचात. "गार्डाला बायको नगं देऊ, त्याला एकटाच ऱ्हाऊ दे. तवाच तो गाणी ऐकल." हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. आई गेल्यावर आपण दोघं इतकं कधी बोललो होतो? ते खोटं होतं हे मला कळत होतं. तुम्हालाही कळत होतं. मग तुम्ही मला थांबवलं का नाही? मी पोर होते, तुम्ही बाप होतात!

यमुनाबाई माझी सगळ्यात लाडकी. पाय अधू, घराबाहेर पडता येत नाही, म्हणून नवरा डोक्यावर फोनो घेऊन घाट चढला आणि त्यानं तो तळेघरला तिच्यासाठी नेला. ती भात कांडताना ऐकायची. ही चिठ्ठी वाचून भिडेकाकांनी तो फोनो घेतला. आणि दोन महिन्यांनी देसाईंकडून पत्ता काढून स्वतः एसटीनं जुन्नरला आले! सत्तरीचे गृहस्थ, हातात पिशवी. "मला एकदा त्यांना भेटायचंय. आमची हीसुद्धा शेवटची सहा वर्षं अंथरुणाला होती. मी तिच्यासाठी असं काही केलं नाही."

मी आत चहा करत होते. सगळं ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, "वर रस्ता खचलाय. गाडी जात न्हाय." काकांनी पिशवीतून हिरवं नऊवारी लुगडं काढून तुमच्या हातात दिलं. "तेवढं त्यांना पोचवा."

त्या दिवसापासून तुम्ही देसाईंच्या कामाला हात लावला नाहीत. टेम्पो आला तसा परत पाठवलात. मी किती भांडले! "कुणाचं काय नुकसान झालं? काका खूशच आहेत ना?" तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यानं इस्वास ठिवला ना, बाय."

मग एका सकाळी ते लुगडं घेऊन तुम्ही तळेघरच्या गाडीत बसलात. संध्याकाळी रिकाम्या हातानं आलात.

"दिलं?"

"दिलं. वाटंत गवत घिऊन चाललेल्या एका म्हातारीला."

"नाव काय तिचं?"

"न्हाय इचारलं. इचारलं असतं तर तिला यमुनाबाय कसं म्हणता आलं असतं?"

मी हसले होते त्यावर. आज ते हसणं आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

आणि मग तो रविवार. तुम्ही कोरा कागद माझ्यापुढे ठेवलात. "काकांना लिव्ह. सगळं खरं लिव्ह. माझ्या अक्षरात त्यांना वाचता यायचं न्हाय." मी म्हणाले, "ते माझं अक्षर ओळखतील. माझं लग्न ठरतंय, नाना. मला ह्यात अडकवू नका." तुम्ही "बरं" म्हणालात. कागदाची घडी घालून खिशात ठेवलीत. पुन्हा कधी विषय काढला नाहीत. माझं लग्न झालं, आणि चार महिन्यांत दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला विचाराल तर माझ्या त्या नकारानं गेलात. असं नाही ना, नाना? कुणीतरी नाही म्हणा!

त्या मुलाला आता काकांच्या जुन्या शाळेत त्यांच्या नावानं एक खोली करायची आहे. फोनो तिथं राहील, शेजारी काचेत चिठ्ठी. मुलं येऊन वाचतील. जाताना त्यानं आपला पत्ता दिला आणि वही पुढे केली, "ताई, फोन नंबर लिहून द्या." चिठ्ठीतलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी मुद्दाम वाकडंतिकडं लिहिलं. सातवा आकडा मला स्वतःलाच वाचता येईना.

आमचे हे म्हणतात, "गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करतेस? कुणाला कळणार आहे?" दोन दिवस मीही तेच घोकलं. जुन्नरमध्ये अजून लोक म्हणतात, नानांसारखा प्रामाणिक मिस्त्री झाला नाही. ते म्हणणं मी माझ्या तोंडानं मोडायचं? पण मोडायला तर तुम्हीच तयार होतात. अडवलं मी. तुमच्या नावासाठी अडवलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

म्हणून तुम्हाला शब्द देते. सोमवारी पहिल्या गाडीनं मी पुण्याला जाईन. देसाईंचं नाव पुढे करणार नाही, गरज होती असंही म्हणणार नाही. सगळं सांगेन, लुगड्याचं, म्हातारीचं, तुमच्या कोऱ्या कागदाचं. तो मला घराबाहेर काढेल, फोनो अंगणात फेकून देईल, काहीही करेल. त्याचा हक्क आहे. पण त्यानं ऐकून घेतलं, तर मी तिथंच बसून नवी चिठ्ठी लिहीन: हा फोनो जुना नाही. जुन्नरच्या एका मिस्त्रीनं तो जोडला, त्याचा आवाज लागेपर्यंत आठवडाभर खपला, आणि तो माझा बाप होता.

खाली ह्या वेळी सही करेन.

तुमची,
शैला