धुवारीत वाजवलेला डबा

विमानतळामागची वस्ती, नागपूर
९ फेब्रुवारी

सुमतीबाई यांना बायजाबाईचा जय भीम.

मी बरी आहे. गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात माझं ऐकतं कोण, म्हणून त्यांनाच कशाला बोल लावू. तुमची झोप कशी आहे ते मी विचारत नाही.

पत्र माझी नात वैभवी लिहीत आहे. मी 'मले' म्हटलं की ही 'मला' लिहिते. शाळेची सवय. मी म्हटलं, लिही वं तुझ्या मनासारखं, पण माझ्या बोलण्यातलं काही खाऊ नको.

तुमच्या भावानं आणून दिलेली मिरची पोचली. रंग असा की वैभवी म्हणते, आजी, ओठाला लावू का. लाव म्हटलं, मग नवरा शोधायला नको, आवाज ऐकून गावच धावत येईल. माझा मुलगा रुपराव पिशवी उघडायला बसला, तर मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली. त्याला वाटलं, म्हातारी चिंगूस झाली. पिशवी अजून तशीच खुंटीला आहे.

त्याचं कारण तुमचा निरोप. भाऊ म्हणाले, "ताईनं सांगितलं, शेवटी माझ्या लेकाजवळ, अश्विनजवळ, आजी होत्या, त्यांना द्या." तेव्हापासून त्या पिशवीखालून जाताना मी मान खाली घालते.

तुम्ही आल्या होत्या तेव्हा आपण दोघी धुऱ्यावर, तुरीच्या बांधावर, बसलो होतो. तुम्ही चहात साखर नको म्हणालात, आणि मी म्हटलं, भिवापूरची माणसं, तुम्हाला मिरची टाकून देऊ का. तुम्ही जराशा हसलात. मग विचारलंत, "काही बोलला का जी तो?" मी म्हटलं, नाही बाई, आम्ही पोचलो तेव्हा शांत होता. विमान कंपनीच्या साहेबांनीही तुम्हाला तेच सांगितलं होतं, की विमान पडल्याबरोबरच सारं संपलं. मीही त्यांच्याच मागून चालले.

पोचलो तेव्हा शांत होता, एवढं खरं आहे. मोठे पायलट आधीच वारलेले, आणि त्यांच्या जोडीचा धाकटा पायलट, तुमचा अश्विन, खुर्चीच्या पट्ट्यात बांधलेला, तुरीत आडवा. मी माझी शाल त्याच्या अंगावर घातली आणि गाडी येईपर्यंत बसून राहिले. तेही खरं. त्याच्या आधीचं मी सांगितलं नाही.

वैभवी थांबली आहे. लिही म्हटलं.

त्या सकाळी धुवारी अशी होती की अंगणातली तुळस दिसत नव्हती. विमानांचा आम्हाला सराव, डास गुणगुणला इतकंच. हे मात्र फार खालून गेलं. मग जमीन हलली, भांडी पडली. मला वाटलं रस्त्यावर ट्रक उलटला. अशा धुक्यात उलटतातच. आमचा सालदार नत्थूजी तुरीत डुकरं शिरली का पाहायला गेला होता, म्हणून मी दारात उभी राहून कान दिला. आणि वावरातून हाक आली.

"मी इकडे हाव जी. इकडे या."

अगदी आपल्या बोलीत, बाई. शिकून ढगांत गेलेला पोरगा असं बोलेल हे माझ्या डोक्यात कसं येणार? मला वाटलं नत्थूजीच. मी हसले. ओरडून म्हटलं, "वावर तुझं रोजचं, आन् रस्ता चुकलास का गा? थांब, डबा वाजवते, डब्यावर ये."

आमच्याकडे धुवारीत कोणी वावरात अडकलं की घरून तेलाचा रिकामा डबा बडवतात. त्या आवाजावर माणूस घरी येतो. माझा डबा ऐकून शालिकरामच्या घरचा वाजला, मग पलीकडचे. सगळी वस्ती बडवत होती. कोणी वाईट मनानं नाही वाजवला, बाई. तो आणखी काहीतरी बोलत होता. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मी आणखी जोरानं बडवलं, की नत्थूजीला नीट ऐकू जावं.

आणि नत्थूजी माझ्या पाठीमागून आला. गोठ्याच्या बाजूनं, हातात विळा. म्हणाला, "कोणाले बोलावून राहिली वं काकू?"

माझा हात तिथंच थांबला. ओरडून ओरडून बाकीच्यांचे डबे बंद करवले. मग सारे ऐकत उभे राहिलो. कुठून काहीच आलं नाही. मग वास आला, रॉकेलसारखा, आणि आम्ही धावलो. धुक्यात एकमेकांवर आपटत होतो. तुरीला लहान लेकरांच्या गुलाबी चपला लटकलेल्या; विमान मालाचं होतं, त्यातल्या. तो घरापासून इतका जवळ होता की सांगवत नाही.

डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात लवकर पोचला असता तरी वाचला नसता. काहून म्हणाले, खरं म्हणून की माझं तोंड पाहून, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

फोनवर तुमचा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा खोटं बोलले असते, म्हणून हे पत्र. तुम्ही विचारलंत तो काय बोलला. एवढंच बोलला: मी इकडे हाव जी, इकडे या. पुढचं माझ्या डब्यानं खाल्लं. ते मी कुठून आणू?

मिरची परत मागा, रुपराव आणून देईल. ठेवा म्हणालात तर ठेवीन. शिव्या द्यायला आलात तरी चहा करीन, साखरेशिवाय.

परवा पुन्हा धुवारी पडली. कोणीच डबा काढला नाही. सारे आपापल्या दारात उभे होतो, कान देऊन.

तुमच्या अश्विननं हाक मारली आणि जिनं त्याला थट्टेनं उत्तर दिलं, ती
बायजाबाई
(अंगठा माझा आहे. अक्षर वैभवीचं.)