ताईच्या नावापुढची खूण

४ मार्च

फलकावर ताईचं नाव अजून आहे. नावापुढे बरोबरची खूण — पाणी दिले.

ताईला जाऊन सात आठवडे झाले.

ताईच्या वृक्ष मंडळाचा नियम असा: प्रत्येक रोपाला एक पालक. पालकानं पाणी घालायचं. शनिवारी निवृत्त मास्तर बंद छापखान्याच्या भिंतीलगत हिंडतात, चाळीसही रोपांच्या मातीत बोट खुपसतात, ओली लागली की पालकाच्या नावापुढे खूण. पालक आला होता का, हे कुणी विचारत नाही. "माती खोटं बोलत नाही," म्हणे. जन्मभर तोंडं बघून हजेरी घेतली, तेव्हा कुठे हे शहाणपण आलं असावं.

माती ओली आहे, कारण पाणी मी घालते. रोज सकाळी, एक बादली. कुणाला माहीत नाही. नवऱ्याला सांगितलंय, फिरायला जाते.

"तू? फिरायला?" एवढं म्हणून त्यानं पेपरात डोकं घातलं.

७ मार्च

लिहून ठेवते, नाहीतर सोयीस्कर विसरेन.

नोव्हेंबरात मी माझ्या सदरात या मंडळाची हजामत केली होती. 'खड्डा रोपासाठी नसतो, फोटोसाठी असतो. बस येईपर्यंत माणूस थांब्यावर उभा राहतो, तसं रोप त्यात उभं असतं.' त्यात एक फुलाच्या टोपीवाली बाईही होती. रोपांशी बोलणारी आणि वर उत्तराची वाट बघणारी. सगळ्यांनी ओळखली. ताईनंही.

तिचा फोन आला. "टोपीवर फूल नाहीये गं. रिबन आहे. निळी."

मग म्हणाली, "माझं झाड हा उन्हाळा काढेल. काढलं तर लेख मागे घ्यायचा. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

"आणि मेलं तर?"

"तर कुदळ खाली ठेवते. कायमची."

मी लगेच हो म्हटलं. डॉक्टर तेच सांगून थकले होते — छातीवर ताण नको, कुदळ ठेवा. मला वाटलं, काय हुशार मी! रोप मरणार, कुदळ सुटणार, आणि माझा शब्दही खाली पडणार नाही.

जानेवारीत नव्या खड्ड्याच्या काठावर दम खायला बसली. उठली नाही.

रोप उभंच आहे. पैज कुणी मोडलेली नाही.

१५ मार्च

आज उशीर झाला. पाण्याचा मग तसाच मातीत आडवा टाकून आले.

१६ मार्च

मग रोपाच्या आधाराच्या काठीवर पालथा अडकवलेला होता.

ही ताईची खोड. भांडं दिसलं की पालथं. माझ्या घरी आली की आधी माझे कप पालथे घालायची, मग चहा मागायची, मग कपच सरळ नाही म्हणून मलाच ऐकवायची.

वाऱ्यानं झालं असेल. वारा भारी टापटिपीचा.

२८ मार्च

तापात आठ दिवस गेले. अंथरुणात डोळ्यांपुढे सारखं रोपच येत होतं. मान टाकलेलं, पानं कडकडीत वाळलेली. आज उठले ती तशीच तिकडे गेले.

माती ओली. नुसती ओली नाही, गच्च.

फलकावर ताईच्या नावापुढे आजची ताजी खूण. शाई अजून बोटाला लागत होती.

भिंतीतली नळी गळते का, बघितलं. नाही गळत. बाकीच्या रोपांची माती जशी असायला हवी तशीच. कुणाला विचारावं? विचारलं तर आधी मला सांगावं लागेल, मी इथे रोज काय करते ते. 'खड्डा फोटोसाठी असतो' असं लिहिणारी बाई बादली घेऊन का उभी?

४ एप्रिल

मास्तरांना आडून विचारलं, "एकोणिसाव्या रोपाला पाणी कोण घालतं हो?"

"तुमच्या ताई."

"मास्तर, ताई गेल्या."

"मी होतो की पोचवायला." चष्मा पुसत राहिले. "पण बाई, माती ओली असताना नाव खोडू कसं? हजेरी लावणाऱ्याचा हात तसा वळत नाही."

हसावं म्हटलं. जमलं नाही.

९ एप्रिल

खालची पानं पिवळी पडलीत. ऊन फार आहे. आजपासून दोन बादल्या.

१२ एप्रिल

सकाळी ओट्यावरचे चारही कप पालथे.

मीच घातले असतील. घातले असतीलच. नवरा तर स्वतःचा कपही उचलत नाही.

१४ एप्रिल

आज रोपाशी बोलले. उत्तराची वाट बघितली.

१७ एप्रिल

पिवळेपणा शेंड्यापर्यंत चढला. शेवटी रोपवाल्याला गाठलं. मंडळाला रोपं तोच देतो, तिठ्यावर त्याची रोपवाटिका आहे. आला, उकिडवा बसला, माती उकरली, बोट नाकाशी नेलं.

"वास घ्या."

कुजका वास. खूप दिवस पाणी न बदललेल्या फुलदाणीचा.

"हे तहानेनं नाही मरत. बुडून मरतंय. काळी माती, पाणी धरून ठेवते. दोघं घालताय ना?"

"दोघं कोण?"

"ते मला काय माहीत. पण हे एका हाताचं पाणी नाही, बाई."

त्यानं सहज म्हटलं आणि हात झटकून उठला.

१९ एप्रिल

तास दीड तास आधीच गेले. नुकतं फटफटलं होतं. छापखान्याच्या बंद दारात उभी राहिले, जिथून रोप दिसतं.

ताई आली.

तीच टोपी, निळी रिबन. तिचाच ढगळा सदरा, कोपराला ठिगळ लावलेला. हातात बादली. वाकायच्या आधी कमरेवर हात ठेवून थांबायची तशीच थांबली. मग पाणी बुंध्यापासून हातभर लांब, गोलाकार, सावकाश. शेवटी मग झटकला आणि काठीवर पालथा घातला.

मी हाक मारली. आवाज माझा वाटला नाही.

वळले ते भावोजी.

टोपी चटकन काढली त्यांनी. चोरी पकडल्यासारखी. "उन्हासाठी," म्हणाले. ऊन अजून यायचं होतं.

जानेवारीपासून आम्ही बोललेलो नाही. दवाखान्याच्या जिन्यात मी म्हणाले होते, "खड्डे खणायला तुम्हीच सोडलंत तिला." आणि ते म्हणाले होते, "तुझा लेख आला त्या दिवसापासून ती दुप्पट खणायला लागली." दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांनीही तोंड फिरवलं.

आज माझ्या हातातली बादली बघितली त्यांनी. बराच वेळ.

"तू पण?"

"रोज," म्हटलं. "हल्ली दोन."

"मला वाटलं, तू कशाला येशील. ते मेलं तर तू जिंकतेस."

मी बादली खाली ठेवली.

"मग मीही दोन करत होतो," म्हणाले. "पिवळं दिसायला लागल्यापासून."

चार बादल्या. एवढ्याशा रोपाला. सख्खी माणसं दुसरं काय करणार?

२२ एप्रिल

रोपवाल्याचा हुकूम: माती मोकळी केलीय, आता थेंबही घालायचा नाही. बोटभर खाली कोरडं लागेपर्यंत. दहा दिवस, पंधरा दिवस, किती ते मातीच सांगेल.

पाणी घालणं सोपं होतं. हे नाही जमत.

२६ एप्रिल

आम्ही दोघं भिंतीच्या कट्ट्यावर बसतो आणि एकमेकांवर पहारा ठेवतो. सकाळी तासभर. भावोजींच्या हातात रिकामी बादली असते, सवय म्हणून.

"ती माझ्याबद्दल काही म्हणाली होती का? लेखानंतर?"

"म्हणाली, धाकटीचं अक्षर लहानपणी फार सुंदर होतं."

"बस?"

"बस."

यापेक्षा शिवी दिली असती तर.

२ मे

फलकावर ताईच्या नावापुढे जागा कोरी. माती कोरडी, मास्तरांचा इलाज नाही. पहिल्यांदा ती गैरहजर आहे.

भावोजी फलकाकडे पाठ करून बसले. मीही.

३ मे

पान गळलं. शेवटून दुसरं. राहिलं एक.

कप सरळ ठेवलेत. सकाळीही सरळच होते. वाईट वाटलं.

११ मे

देठाच्या बगलेत टिंब. तांबूस, टाचणीच्या डोक्याएवढं. भावोजींना दाखवलं, त्यांनी चष्मा लावला, काढला, माझा मागितला.

"कीड तर नाही?"

"भावोजी, शुभ बोला."

दोघंही श्वास अडवून बघत होतो. या वयात, रस्त्याच्या कडेला, गुडघ्यांवर.

३० मे

चार पानं. नवी, लखलखीत.

मास्तरांनी बोट खुपसलं, रुमालाला पुसलं, ताईच्या नावापुढे खूण केली. मग वहीत लिहिलं: एकोणीस — जगलं. "पालक आता कुणाला लावू?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो, राहू द्या तिचंच.

पाण्याचं ठरलंय. एक दिवस भावोजी, तीन दिवस खाडा, मग मी.

म्हणजे मी हरले. तिनं माझा लेख खोटा पाडला, तोही मेल्यावर. एवढा आनंद मला जिंकून कधी झाला नव्हता. मागे घेतल्याचा मजकूर उद्या लिहायला घेते. रिबनही दुरुस्त करते.

२ जून

मजकूर झाला. झाडाचं नाव तेवढं राहिलं होतं. पाटीवर एक आहे, मास्तर दुसरं सांगतात. रोपवाल्याकडे गेले विचारायला.

"पहिल्याचं सांगू की दुसऱ्याचं?" म्हणाला.

पहिलं नोव्हेंबरातच वाळलं होतं. लेख आल्यावर दहा दिवसांत. ताई स्वतः येऊन दुसरं घेऊन गेली. "धाकटीला कळू देऊ नका म्हणाल्या. कळलं तर कुदळ ठेवावी लागेल."

पहिलं कुठे टाकलं, विचारलं.

"टाकलं कुठं? त्याच खड्ड्यात आहे. तळाशी आडवं घातलं त्यांनी, आणि हे त्याच्यावर."

मजकूर छापायला दिला. एक अक्षर बदललं नाही. भावोजींना सांगायचं नाही.

उद्या पाण्याची पाळी माझी आहे.