न लागणारा रोग

घाटनांदूर,
दि. १८ फेब्रुवारी २०२५

जीवनदादा,
सप्रेम जयभीम.

माय बरी आहे, गुडघे तेवढे धरतात. बबितावहिनी आणि मुलं मजेत असतील. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे.

बातमी अशी की, माझ्या अंगावर जे उठतं त्याचं खरं कारण अखेर कळलं. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या मागच्या टोकानं माझ्या हातावर रेघ ओढली. पाच मिनिटांत ती दोरीसारखी फुगली. त्या म्हणाल्या, "कातडीत मास्ट नावाच्या पेशी असतात. शत्रू आला की आतलं रसायन बाहेर सोडायचं, हे त्यांचं काम. तुमच्या पेशी शत्रू नसतानाच सोडतात. कधी आपलंच रक्त त्यांना चिथावतं, कधी नुसतं दाबलं तरी पुरतं. मग गांधी उठतात, खाज सुटते."

मी विचारलं, लेकराला लागतं का? त्या म्हणाल्या, "छे हो, जवळ घेतल्यानं कुणालाच लागत नाही." आता रोज एक गोळी घेते.

एका गोळीचं काम होतं, दादा. त्यापायी पाच वर्षं मी वांगं सोडलं, अंडं सोडलं, शेंगदाणे सोडले. तिकडं सासरी, नांदूरघाटला, सासूबाई आमसुलाचं पाणी चोळून मला घोंगडीत गुंडाळायच्या. घोंगडी घासेल तिथं जास्तच उठायचं, आणि त्या गल्लीभर सांगायच्या, "बगा, रोग फुललाय."

बैठकीचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मला नांदवायचं की नाही हे ठरवायला नांदूरघाटच्या विहारात समाजाचे पाच जण बसले होते. मी येईना, तर तू मनगट धरून मला ओढत नेलंस. तुझी पाचही बोटं माझ्या मनगटावर उठली. सासूबाईंनी तोच हात सगळ्यांना दाखवला. "भावानं धरलं तर एवढं उठलं, लेकराचं काय हुईल?" तू विज्ञान शिकवतोस ना? ती तुझीच बोटं होती, आणि तू गप्प बसलास. वर कागदावर पहिली सही तुझी: रोग लागणारा आहे, मुलगी बापाकडं राहील. ते शिक्षण काय चुलीत घालायचं? चैतालीचं तेव्हा पहिलीत नावही घातलं नव्हतं.

खरं सांगू? एकट्या तुझ्यावर राग काढणं सोपं आहे. मागल्या वर्षी धर्मापुरीच्या लग्नात चैताली "मम्मी" म्हणत धावत आली होती. माझ्या गळ्यावर उठलं होतं. मी मागं सरले. म्हणाले, "लांब राहा बाळा, तुला उठंल." मीही त्या पाच जणांचं आणि तुझंच खरं मानलं होतं. हे मी मायलाही सांगितलेलं नाही.

परवा नांदूरघाटला गेले. चैतालीच्या बापानं, अनिलनं, अडवलं नाही. मी हात पसरले, तर पोर भिंतीला चिकटली. "मला उठंल ना. तूच म्हनलीस." डॉक्टरीणबाईंचा कागद वाचून दाखवला, तर म्हणते, "आजी म्हनती, मामानं लिवलंय. मामा मास्तर हाय." आठ वर्षांची आहे ती. तिला तुझंच खरं वाटतं.

रविवारी नांदूरघाटला ये. माझी माफी मागू नकोस, ती मला नको आहे. त्या पाच जणांना बोलाव आणि चैतालीसमोर स्वतःच्या तोंडानं सांग, की मी खोट्यावर सही केली. मी तिला म्हणाले आहे, मामा येऊन सांगंल. ती म्हणाली, "बरं, मग मी तुझ्याजवळ येईन."

बहीण म्हणून सही करायला हात धजत नाही.

चैतालीची आई,
ज्योत्स्ना