दाताळं पास, अंगण नापास

आदरणीय थोरल्या वन्संना,

एका हाताचा नमस्कार. दुसरा हात कमरेवर आहे, तो तिथून निघाला की दोन्ही हातांनी करीन. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही असं सांगितलंय, ते जरा ऐका (तुम्ही ऐकणार नाही, पण सांगायचं काम माझं). इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे दोघंच. त्यातली मी दमलेली आणि तुमचे बंधू ट्रॅक्टरवर.

ट्रॅक्टर कधी परत पाठवता, असं तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. तुमचं काही चुकलं नाही. तुमच्या बागेतला ट्रॅक्टर, आठ दिवसांसाठी म्हणून दिलात, आज सव्विसावा दिवस आहे. पण हे आठाचे सव्वीस कसे झाले ते ऐकून घ्या, म्हणजे तुमचा राग माझ्यावरून उठून योग्य जागी जाऊन बसेल.

चौतीस वर्षं यांनी कारखान्यात माल तपासला, हे मी तुम्हाला काय सांगायचं. समोर आलेला प्रत्येक सुटा भाग मापायचा आणि केसभर चुकला असेल तर त्यावर लाल खडूची फुली मारायची. निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले, बूट काढले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून जे पडले ते आठ महिने. डॉक्टर म्हणाले रक्त छान, हृदय छान, फक्त मन कशात तरी रमवा. मी भाजी निवडायला दिली. त्यांनी ती निवडली, म्हणजे अर्धी नापास केली, आणि परत जाऊन पडले. तेव्हा तुम्हाला मी चार ओळींचं कार्ड टाकलं होतं, आठवतंय? त्यात नीट लिहिलं नव्हतं, आता लिहिते. मला फार भीती वाटायला लागली होती वन्सं. माणूस घरात होता आणि घरात नव्हता. मग तुम्ही ट्रॅक्टर पाठवलात, की घरामागच्या आवारात गुडघाभर पाचोळा साठलाय तो त्याला काढू दे. तुमच्या डोक्याची मी तेव्हा मनापासून तारीफ केली (ती मागे घेतलेली नाही, फक्त थकलेय).

ट्रॅक्टर आला, पण नुसत्या ट्रॅक्टरने पाचोळा निघत नाही. मागे दाताळं जोडावं लागतं. हे अवजारं भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात गेले ते खिशात माप घेऊन. सकाळी नऊला गेले, दोन वाजता मी जेवण घेऊन तिथे गेले. दुकानदार एका उलट्या टोपलीवर डोकं धरून बसला होता आणि हे दातांमधलं अंतर मोजत होते. मला बघून तो म्हणाला, "काकू, पाचोळाच ओढायचाय ना हो? मग जे दिसेल ते न्या ना!" अशा तऱ्हेने पहिलं दाताळं घरी आलं.

त्याला चार मोठी तारांची चक्रं होती. ट्रॅक्टर पुढे निघाला की ती गरगर फिरतात आणि वाळलेलं गवत एका ओळीत लावत जातात. मोकळ्या माळावर ते फार गुणाचं असणार. आमच्याकडे मात्र मधे कपडे वाळत घालायची दोरी आहे. हे मागे वळून बघेनात, कारण पुढे नजर ठेवून सरळ रेषा साधत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबले तेव्हा चक्रांना माझ्या दोन चादरी, दोरी आणि शेजारच्या शिक्षिकाबाईंचा वाऱ्याने आलेला टॉवेल गुंडाळलेला होता. कात्रीने सोडवायला मला तास लागला. यांनी शांतपणे चक्रावर लाल फुली मारली आणि चहा मागितला.

दुसरं दाताळं जाड, ताठ दातांचं. ते खरं म्हणजे जमिनीतले दगड नि मुळं उपटायचं. त्याने पाचोळा काढला, दगड काढले, मुळं काढली आणि पाण्याचा पाइपही काढला. दोन दिवस मी शिक्षिकाबाईंकडून बादल्या वाहिल्या (टॉवेलाचं प्रकरण ताजं असताना, म्हणजे कोणत्या तोंडाने ते विचारू नका). यावर तुमच्या बंधूंचा निर्णय असा, की दातांत दोष नाही, पाइपच वर बसवलेला होता.

तिसरं मात्र जमलं. वाकडे, लवचिक पोलादी दात, एकूण बत्तीस. मागे उंची राखायला दोन छोटी चाकं. हवं तर तिरकं फिरवता येतं, म्हणजे पाचोळा कडेला ओळीने पडत जातो. दुकानदाराने समजावलं की दात जमिनीला नुसते टेकले पाहिजेत, रुतता कामा नयेत. वरचा दांडा कमीजास्त करून ते साधायचं. आणि मागे येताना दाताळं उचलायचं. नुसते टेकले पाहिजेत! हे वाक्य त्याने यांच्यासमोर उच्चारायला नको होतं. यांनी बत्तीसच्या बत्तीस दात मापले, सगळे बरोबर निघाले. मग ते खाली टेकवून जमिनीला गाल लावून बघितलं, तर एकोणीस टेकत होते आणि तेरा अधांतरी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालायचंच. हे उठले, कपडे झटकले आणि मला सांगितलं की दाताळं पास आहे, अंगण नापास आहे.

मग चार दिवस अंगण दुरुस्त झालं. दोऱ्या बांधून, पाणसळ लावून, फावड्याने इथली माती तिथे. जिथे जिथे खळगा तिथे दगड ठेवून त्यावर लाल फुली. शिक्षिकाबाईंनी कुंपणावरून विचारलं, पाया घालताय का. मी म्हटलं, होय, माझ्या संयमाचा.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरलेला आहे. सकाळी दहा ते बारा दाताळं, संध्याकाळी चार ते सहा दाताळं. घरभर धूळ. जेवताना दातांचा कोन, दांड्याची लांबी. आठ महिने गप्प माणसासमोर बसून जेवले, आता हे ऐकत जेवते. दमायला दोन्हीत होतं, पण आता भाजी दुसऱ्यांदा मागतात. परवा तर हसले. कशावर ते कळलं नाही, मी विचारलंही नाही, उगाच थांबतील म्हणून.

तर येत्या रविवारी ट्रॅक्टर तुमच्या दारात असेल, हा माझा शब्द. दाराला कान लावून आवाज ऐका, डोळ्याला ताण देऊ नका.

तुमची, चादरी कमी पडलेली,
धाकटी भावजय

ता. क. : वर जे लिहिलं त्यात एक गोष्ट राहिली. अंगण दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी साफ झालं. एक पान शिल्लक नव्हतं. हे खाली उतरले, हात धुतले आणि अकरा वाजता जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी दोनदा जेवण गरम केलं. उठले नाहीत. मंगळवारी दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी मागच्या ढिगातली चार पोती भरून ओढत आणली आणि सगळा पाचोळा अंगणभर पसरला. चारला हे बाहेर आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले, म्हणाले, "आज पानगळ जास्त झालीय." आणि टोपी घातली. तेव्हापासून रोज दुपारी माझं तेच काम आहे.

ता. क. दुसरा : आता झाडं उघडी झाली आहेत. एकही पान वर उरलेलं नसताना रोज खाली पडतंय, हे चौतीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाच्या कधीतरी लक्षात येईलच. म्हणून एक मागणं आहे. रविवारी ट्रॅक्टर हे स्वतःच आणतील, दाताळ्यासकट. तुमच्या बागेत पान पडायच्या आधी गडी हात पुढे करतो, मला माहीत आहे; पण हे तिथे असतील तेवढे दिवस झाडणं बंद ठेवा. आणि यांना एक वेगळं पत्र टाका, की तुझ्याशिवाय इथे कुणाला जमत नाही.

ता. क. तिसरा : पाचोळा कमी पडेल म्हणून ट्रॉलीत दाताळ्याशेजारी चार पोती ठेवली आहेत. यांना खत आहे असं सांगितलंय. दुपारी दोन ते साडेतीन ते गाढ झोपतात. तुम्हाला वाकायची बंदी आहे, तेव्हा पसरायला मी मागून येतेच.